फुटाचा इंच

मराठी घरात सुट्टी सहसा भरलेलीच येते. गणपतीत आरास, नैवेद्य, आल्यागेल्याचं चहापाणी. दिवाळीआधी जळमटं काढायची, मग फराळ करायचा, मग तो घरोघरी पोचवायचा. मे महिन्यात पाहुणे, आंबे, साठवणीची कामं. त्या गडबडीची मला हौस आहे आणि ती सोडावी असं कधी वाटलेलं नाही. नाताळची सुट्टी मात्र आमच्याकडे मोकळ्या हातांनी येते. तिला नैवेद्य नाही, सोवळं-ओवळं नाही, कुणाकडे जायलाच हवं असं नाही. माझ्या कंपनीचं बहुतेक काम परदेशातल्या ग्राहकांसाठी चालतं. 24 डिसेंबरला तिकडची माणसं एकेक करून घरी जातात आणि आमच्या मेल थांबतात, त्या नवं वर्ष उजाडेपर्यंत. शाळेलाही तेव्हाच सुट्टी. वर्षात एवढाच काळ असा, की ज्यात माझ्याकडून कुणालाच काही नको असतं. तो सगळा मी हातकामाला देते.

जेवणाचं टेबल त्या दिवसांत माझं होतं आणि घरातली मंडळी खाली पाट मांडून जेवतात. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, एक दिवा, त्याच्या दांडीला लावलेलं भिंग, कात्र्या, चिमटे, टाचण्यांची उशी, फेविकॉलची बरणी, भरतकामाच्या दोऱ्यांचा डबा, शाडूचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळलेला. शेजारी क्रोशाची पिशवी. खुर्चीखाली खोक्यात क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या, कागदी पट्ट्या, आइस्क्रीमच्या काड्या, फर्निचरवाल्याकडून मागून आणलेले सागाच्या व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, तुकडे.

एवढे उद्योग एकदम कशाला, असं पुष्कळजण विचारतात. आमच्या आत्याचं तर ठरलेलं वाक्य होतं, 'अगं, एक ना धड, भाराभर चिंध्या.' एकच काहीतरी धरावं आणि त्यात पारंगत व्हावं, हे तिचं म्हणणं. तिच्या म्हणण्याला अर्थ होता, पण या कामात तो लागू पडत नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. हातकामात निम्मा वेळ वाळण्याचा असतो. मातीची भांडी केली की ती दिवसभर सावलीत राहायला हवीत. फेविकॉलने चिकटवलेली मांडणी दाबून ठेवली की तिला रात्रभर हलवायचं नाही. रंगाचा एक हात दिला की दुसऱ्यासाठी थांबायचं. एकच छंद असलेल्या माणसाने त्या वेळात काय करावं? मी क्रोशाची सुई उचलते. बोटं अवघडली की कागदाच्या पट्ट्या गुंडाळायला घेते. तोवर माती हाताळण्याजोगी झालेली असते. एका कामाचं थांबणं दुसऱ्याच्या कामी येतं आणि दिवस कसा गेला ते कळत नाही.

हवाही साथ देते. पावसाळ्यात फेविकॉल वाळता वाळत नाही आणि मातीला बुरशी धरते. मे महिन्यात माती वरून झटकन कडक होते, आत ओलीच राहते आणि तडकते. पुण्यातला डिसेंबर कोरडा आणि थंड. वस्तू शांतपणे, आतबाहेर एकसारखी वाळते. दुपारचं ऊन तिरकं येतं आणि टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत पोचतं. बारीक कामाला त्याच्याइतका चांगला उजेड कुठल्याही दिव्याचा नाही.

गेली काही वर्षं या सुट्टीत मी एकच गोष्ट पुढे पुढे नेते आहे. कोकणातल्या आजोळचं स्वयंपाकघर, खऱ्याच्या बाराव्या हिश्श्यात. ते घर आता नाही. त्या जागी स्लॅबचं घर उभं आहे, आणि ते असायलाच हवं होतं, कारण जुन्याच्या वाशांना वाळवी लागली होती. पण ते स्वयंपाकघर मला पुन्हा बघायचं होतं, आणि फोटो काढण्याजोगी जागा म्हणून त्याच्याकडे तेव्हा कुणी पाहिलंच नव्हतं. अंगणातले फोटो आहेत, ओटीवरचे आहेत, चुलीजवळचा एकही नाही.

जगभरातले हौशी लोक बाहुलीघरं करतात ती बहुतेक याच मापात. खऱ्यातला एक फूट म्हणजे इथला एक इंच. सहा फुटांचं दार सहा इंचांचं. फूटभर रुंदीची परात एका इंचाची. आठ इंची भाकरी साधारण 17 मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. जांभ्याचा सव्वा फुटी चिरा सव्वा इंचाचा. माप डोक्यात बसलं की घरभर वस्तू वेगळ्याच दिसायला लागतात. नाचणीचा दाणा दीड मिलिमीटरचा असतो. त्याला बाराने गुणलं की 18 मिलिमीटर, म्हणजे पिकलेलं बोर, आणि रंगही तोच. मोहरी झाली सुपारी. कोरडा साबुदाणा झाला लाडू. टिचबटणाची वाटी म्हणजे खोलगट ताटली. टाचणीचं डोकं झालं कडीची मूठ. किराणा भरताना मी दाणे हातावर घेऊन बघत उभी राहते आणि दुकानदार आता काही विचारत नाही.

भांडी आणि खाण्याचे पदार्थ मी घरी केलेल्या पिठाच्या क्लेचे करते. कॉर्नफ्लॉवर आणि फेविकॉल समभाग, चमचाभर तेल, थोडा लिंबाचा रस. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत हलवत राहायचं. आधी गुठळ्या होतात, मग सगळं एकत्र येतं आणि मोदकाची उकड सुटते तसा गोळा पातेल्याच्या कडा सोडतो. तिथेच गॅस बंद करायचा. जास्त शिजला तर क्ले वाळल्यावर भेगाळतो. हाताला कोल्ड क्रीम लावून गरम असतानाच मळायचा आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवायचा. वाळताना त्यातलं पाणी उडून जातं आणि वस्तू आकसते, म्हणून भाकरी हवी त्यापेक्षा जराशी मोठी थापायची. बाजारात पॉलिमर क्लेही मिळतो. तो पीव्हीसी या प्लास्टिकचा असतो, आकसत नाही, पण ओव्हनमध्ये भाजावा लागतो. पाकिटावर दिलेलं तापमान, बहुधा 110 ते 130 अंशांमधलं, काटेकोर सांभाळावं लागतं, कारण तो करपला तर निघणारा धूर घातक असतो. बारीक नक्षीकामाला तो सरस आहे. पण भाकरीला मात्र मला घरचा क्लेच आवडतो. त्यात थोडं खरं नाचणीचं पीठ मळलं की रंग आपोआप येतो. जुन्या टूथब्रशने वरून हलकेच टोचलं की पृष्ठभाग खरबरीत होतो. मग सुक्या खडूची तपकिरी पूड ब्रशने लावायची, कडेला कमी, फुगलेल्या भागावर जास्त. पापुद्रा सुटलेल्या ठिकाणी एक काळसर ठिपका. हे सगळं करताना आजीची भाकरी नेमकी कुठे जास्त भाजलेली असायची ते आठवावं लागतं. आणि आठवतं! इतकी वर्षं ते डोळ्यांत होतं आणि कधी बाहेर यायचं कारणच पडलं नव्हतं.

लहान करायचं म्हणजे सगळं बाराने भागायचं, असं सुरुवातीला वाटतं. लांबीरुंदीपुरतं ते खरं आहे. वजनाचं गणित वेगळं. वस्तू तिन्ही दिशांनी बाराव्या हिश्श्याची झाली की तिचं वजन बाराव्या हिश्श्याचं होत नाही, ते 1728 पट कमी होतं. बारा गुणिले बारा गुणिले बारा. त्यामुळे लहान जगात वस्तूंना आपल्या वजनाने खाली बसताच येत नाही. दांडीवर टाकलेलं लुगडं खऱ्या घरात आपल्या भाराने लोंबतं, त्याच्या निऱ्या पडतात. इथे तेवढ्याच मापाचा कापडाचा तुकडा टाकला तर तो ताठ उभा राहतो. म्हणून धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचं मलमल घ्यायचं, पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवायचं, थर्माकोलवर टाचण्यांनी एकेक निरी बसवायची आणि तसंच वाळू द्यायचं. पाण्याचंही असंच आहे. इंचभर घागरीत खरं पाणी ओतलं तर ते सपाट राहत नाही, पृष्ठताणामुळे कडांशी वळतं, काठोकाठ भरलं तर थेंबागत फुगून बसतं. घागरीतलं पाणी म्हणून मी पारदर्शक नेलपॉलिशचे थर देते. लाकडाच्या रेषा लहान होत नाहीत, म्हणून रुंद रेषांचं लाकूड वापरून चालत नाही. धूळ लहान होत नाही. दोरीचा पीळ लहान होत नाही. प्रत्येक वस्तूला तिच्या तिच्या स्वभावाप्रमाणे वेगळी युक्ती शोधावी लागते आणि तिथेच या छंदातली खरी मजा आहे. खरं दिसावं म्हणून खऱ्यापासून कुठे आणि किती दूर जायचं, हे हाताने ठरवायचं.

चुलीला मात्र मी खरीच माती वापरली. गणपतीनंतर उरलेला शाडू, त्यात थोडी लाल माती. चुलीला जोडून वैल, म्हणजे तिच्याच धगीवर चालणारी बाजूची लहान चूल, मागे भिंतीत शेणी ठेवायचा कोनाडा. जमिनीसाठी लाकडाचा चाळलेला भुसा फेविकॉलमध्ये कालवून पसरला आणि ओला असतानाच टूथब्रशने अर्धवर्तुळाकार फटकारे मारले. सारवताना आजीचा हात खांद्यापासून फिरायचा तेवढी ती वर्तुळं, बाराने भागून. भिंतीच्या खालच्या पट्ट्याला खरा गेरू, वर चुना. चुलीमागच्या भिंतीवर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने चोळली, खाली दाट आणि वर विरत जाणारी. चुलीत दिवाळीत मिळणाऱ्या बॅटरीच्या पणतीतला लुकलुकणारा दिवा बसवला आहे. तो पेटवला की वरची काजळी हलल्याचा भास होतो.

गोधडीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

पाच फूट लांब, चार फूट रुंद गोधडी म्हणजे पाच इंच बाय चार इंच. वरच्या बाजूला आईच्या जुन्या साड्यांचे तुकडे, आत विरलेल्या पंचाचा एकच थर, खाली मलमल. खऱ्या गोधडीत आत तीन-चार साड्या जातात. इथे तेवढं घातलं तर पुठ्ठा होईल. भरतकामाच्या दोऱ्यात सहा पदर असतात. त्यातला एक पदर सोडवून घ्यायचा, सगळ्यात बारीक सुईत ओवायचा आणि काठापासून धावदोरा घालत आत आत यायचं. टाका एका मिलिमीटरचा. खऱ्यात तो 12 मिलिमीटरचा दिसेल, म्हणजे आजीच्या टाक्याच्या दुप्पट. त्याहून लहान टाका या जाडीच्या कापडात उमटत नाही, कापड तो गिळून टाकतं. पण ओळी जवळजवळ घातल्या की कापडावर त्या बारीक लाटा उठतात आणि त्या उठल्याक्षणी ती गोधडी होते. तोवर ते नुसतं ठिगळकाम असतं. आत्या ज्यांना चिंध्या म्हणायची त्या सगळ्या इथे आल्या आहेत. भरतकामातला दोरा, शिवणातलं उरलेलं, मातीचा रंग, सुतारकामाची दांडी, जिच्यावर ती घडी करून टाकली आहे. एवढ्याशा खोलीला सुतार लागतो, कुंभार लागतो, बुरूड लागतो, शिंपी लागतो, रंगारी लागतो, वीजवाला लागतो. एकाच कलेत पारंगत होऊन ही खोली उभी राहत नाही.

आणि मग मावशी आठवते. तिच्या क्रोशाच्या सुया आता माझ्याकडे आहेत. तिने विणलेली तोरणं, रुमाल, ताटावरची झाकणं तिच्या रुखवतात मांडलेली होती. शिवाय सुपाऱ्यांची सप्तपदी, तांदळाचे दाणे चिकटवून केलेलं तुळशीवृंदावन, कापडी बाहुल्यांचं लग्न लागतानाचा देखावा, मणी ओवून केलेली भातुकली. मराठी माणसाने मिनिएचर हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी आमच्या बायकांनी मांडवातल्या टेबलावर अख्खा संसार इंचाइंचात मांडलेला आहे. माझ्या मते आपल्याकडची ही फार मोठी लोककला आहे आणि तिची नोंद आपण फारच कमी ठेवली. लग्न झालं की रुखवताचं सामान माळ्यावर जातं आणि मग कुठे जातं ते कुणाला माहीत नसतं.

पण त्या टेबलासमोर माणसं रांगेने जायची आणि मुलीच्या हाताला गुण आहे की नाही ते ठरवायची. मावशी ते आनंदाने सांगायची, तिचं कौतुकही पुष्कळ झालं होतं, तरी ती परीक्षा होती. रात्ररात्र जागून विणलेलं ते सगळं वरपक्षाला दाखवण्यासाठी होतं. लग्नानंतर तिने सुई हातात धरलेली मला फारशी आठवत नाही. वेळ नव्हता, आणि कुणासाठी विणायचं तेही राहिलं नव्हतं. मी त्याच सुयांमधली सगळ्यात बारीक सुई घेऊन शिवणाच्या साध्या दोऱ्याने दाराचं तोरण विणते, अडीच इंचांचं, तेव्हा ते कुणाला दाखवायचं म्हणून विणत नाही. मला कुणी पास-नापास करणार नाही. हे सुख मावशीलाही मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. सुई हातात घेतली की प्रत्येक वेळी वाटतं.

माझी एक मैत्रीण वसईची. तिच्याकडे नाताळ म्हणजे आपली दिवाळी. घराला रंग, कपडे, खाण्याचे पदार्थ, चर्चमधली गाण्याची तालीम. 'तुला या दिवसांत हातकाम कसं सुचतं गं?' असं ती मला विचारते, आणि तिच्या विणकामाचा महिना कुठला, तर माझ्या दिवाळीचा! पण तिच्या घरीही या दिवसांत एक लहान जग उभं राहतंच. पडवीत मुलं गोठा करतात. तपकिरी कागद चुरगाळून, रंगवून त्याचे डोंगर. खाली माती, तिच्यात आधीच धान्य पेरून उगवून आणलेली हिरवळ. आरशाच्या तुकड्याचं तळं. गवताने शाकारलेलं छप्पर, मेंढ्या, मेंढपाळ, वर कागदाची चांदणी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिला म्हटलं, हा तर आमचा किल्ला! आम्हीही दिवाळीत दगडमातीवर गोणपाट पसरून, त्यावर चिखल लिंपून हळीव आणि मोहरी पेरायचो, आरशाचं तळं करायचो, आणि पायथ्याशी मातीचे मावळे उभे करायचो. वसईच्या मुलांना गोठा करायला आणि आम्हाला किल्ला करायला कुणी शिकवलं नाही. मोठी भावंडं करायची ते बघून हात चालायला लागले. त्यांच्या गोठ्यात गव्हाण 24 तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. बाळ येशूची मूर्ती तेव्हाच ठेवायची. तोवर घरातलं सगळ्यात धाकटं मूल दहा वेळा जाऊन बघून येतं.

या गोठ्याची गोष्ट जुनी आहे. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गवताची गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं, म्हणजे माणसांना तो प्रसंग डोळ्यांनी बघता यावा. पुढे त्याची लहान प्रतिकृती घरात आणि चर्चमध्ये आली. नेपल्सच्या कारागिरांनी अठराव्या शतकात ती कला कुठल्या कुठे नेली. भाजक्या मातीचे चेहरे, लाकडाचे हातपाय, आणि शरीर तारेवर तागासारखे तंतू गुंडाळून केलेलं, त्यामुळे बाहुलीला हवं तसं वाकवता, बसवता येतं. अंगावर खरे रेशमी कपडे. गोठ्याभोवती त्यांनी आपलं अख्खं शहर मांडलं. मासे विकणारी, भाजीच्या टोपल्या, खानावळी, टांगलेली सॉसेजं, भिकारी, वाजंत्री. तिथल्या सान ग्रेगोरियो आर्मेनो या गल्लीत आजही वर्षभर हेच काम चालतं. त्या बाजारांचे फोटो मी तासन्‌तास बघते. टोपलीतला एकेक मासा वेगळा आहे. मूळ प्रसंग कोपऱ्यात आणि चहूबाजूंनी रोजचं जगणं, ही रचना मला फार खरी वाटते.

लहान वस्तूंच्या वेडात मोठमोठी माणसं पडलेली आहेत. वास्तुकार एडविन लुटियन्स नवी दिल्लीत आजचं राष्ट्रपती भवन उभं करत होते, त्याच काळात, 1921 ते 1924 मध्ये, त्यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर केलं. माप तेच, फुटाला इंच. दीड हजारांवर कारागीर आणि कलावंत त्यावर राबले. आत वीज आहे, नळाला पाणी आहे, लिफ्ट चालते, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन आहे. ग्रंथालयात शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांच्यासह त्या काळच्या लेखकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेली इवली पुस्तकं आहेत. आज ते विंडसर कॅसलमध्ये बघायला मिळतं. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी 1940च्या दशकात याच मापात संशयास्पद मृत्यूंचे देखावे केले, पोलिसांना बघायला शिकवण्यासाठी. त्यातल्या बाहुल्यांचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले होते. आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांच्या 68 खोल्या आहेत. त्यांत बाहुली एकही नाही. टेबलावर चष्मा असतो, उघडं पुस्तक असतं, आणि माणूस नसतो.

आमच्या स्वयंपाकघरात आजीची बाहुली असावी का, यावर आईशी बरंच बोलणं झालं. मी सुरुवात केली होती. तारेचा सांगाडा, नऊवारीसाठी बाजूला काढलेला मलमलचा तुकडा, डोक्यासाठी क्ले. आई बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, 'चेहरा तिचा येणार नाही गं. आणि दुसऱ्याच कुणाचा तरी आला तर मला तिथे बघवणार नाही.' मलाही ते पटलं. मग आम्ही ठरवलं, की ती आत्ताच परसात गेली आहे असं दिसायला हवं. त्यासाठी काय काय लागेल ते आई सांगत गेली. दुधाचं पातेलं वैलावर, चुलीवर नाही, ते कायम वैलावरच असायचं. फुंकणी जमिनीवर, भिंतीला टेकवून नाही. परातीत थापायला घेतलेला एक गोळा आणि बाजूला पाण्याचं भांडं. परसदाराची कडी काढलेली, दार अर्धवट लोटलेलं. विळीवर अर्धं चिरलेलं पडवळ. पडवळाच्या चकत्या मी कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केल्या. क्विलिंगला असा उपयोग असतो हे मी आधी कधी कुठे बघितलं नव्हतं. पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून हिरव्या पट्टीचा एकच वेढा, मधे पोकळी, आणि ती हुबेहूब पडवळाची चकती होते.

सामान गोळा करायला मी सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी बाहेर पडते. तुळशीबागेत भातुकलीची पितळी आणि स्टीलची भांडी मिळतात. ती आमच्या मापाला बहुतेक मोठी पडतात, पण त्यातली सगळ्यात लहान कळशी आणि चमचा चालून जातो. मणी, तारा, लहान बिजागऱ्या बोहरी आळीत. बांबूचे पातळ बेळ, म्हणजे चिरून काढलेल्या पट्ट्या, बुरूड आळीत मागितले तर कारागीर हसून मूठभर तसेच देतात. रोवळी त्यांच्याकडे बसून बघितल्याशिवाय मला विणता आलीच नसती. तळाला चौकोनी आणि काठाला गोल, हा आकार हाताला कळायला वेळ लागतो. सावंतवाडीला गेले की चितारआळीतून लाकडी फळं आणते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, रंगवलेली. पेरू, सीताफळ, केळी, आंबा. मापात बसत नाहीत, पण त्यांचे रंग बघून मी माझे रंग कालवते. फणसाचा पिवळसर हिरवा तिथल्या चितार्‍यांना जसा सापडला आहे तसा मला अजून कुठल्याही ट्यूबमध्ये मिळालेला नाही.

शिंकाळ्यासाठी काथ्या उलगडून त्याचा एक धागा घेतला, तीन पदरी वेणी घातली आणि आढ्याला टांगलं. मांडणीवर उतरंड आहे, कोपऱ्यात जातं. जात्याची वरची तळी खरंच फिरते, तिच्या मध्ये टाचणी बसवली आहे. आई येताजाता एका बोटाने ती फिरवून जाते. तिला आता आणखी हवं आहे. 'एवढं केलंस, तर परसदारी न्हाणीघर कर,' म्हणाली. चुलवण, त्यावर तांब्याचा हंडा, घंगाळ, खाली दगडी फरशी, आडोशाला झावळ्यांचा कूड. झावळ्यांसाठी मी कागद कातरून ठेवला आहे, त्याला चहाच्या पाण्याचा रंग देऊन झाला आहे. फरशी जमेल. हंडा क्लेचा करून रंगवायचा माझा विचार होता, पण आईचं म्हणणं, तांबं ते तांबंच, आणि तिचं बरोबर आहे. तांब्याचा कागदाइतका पातळ पत्रा तांबट आळीत कुणी देईल का आणि तो ठोकून गोल कसा आणायचा, ते विचारायला येत्या शनिवारी जाणार आहे. आईही बरोबर येते म्हणाली आहे. हंड्याचा गळा केवढा अरुंद होता ते तिलाच नीट सांगता येईल.